संगणकाच्या बाजारातील स्पर्धा कशी पारखावी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी एका लहान महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर मी काम करत होतो. प्रयोगशाळेसाठी चाळीस संगणक घ्यायचे होते आणि नियमाप्रमाणे दरपत्रके मागवली, तेव्हा चार निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांची चार दरपत्रके आली. समितीला समाधान वाटले, कारण चौघांमध्ये चुरस होती. तांत्रिक तपशिलांचे रकाने शेजारी शेजारी लावल्यावर मात्र असे दिसले की चारही यंत्रांत प्रोसेसर एकाच कंपनीचा होता, कार्यप्रणाली एकाच कंपनीची होती आणि हार्ड डिस्क दोनपैकी एका कंपनीची होती. स्पर्धा होती ती पेटीवर नाव कोणाचे असावे एवढ्यापुरती. पेटीच्या आतील महागड्या भागांची किंमत आमच्या दरपत्रकांच्या फार आधीच, फार थोड्या विक्रेत्यांनी ठरवलेली होती.

वाणिज्य किंवा अर्थशास्त्राचे जे विद्यार्थी, हार्डवेअरच्या व्यापारात उतरणारे जे तरुण आणि संस्थांसाठी खरेदी करणारे जे लोक या उद्योगाची रचना समजून घेऊ इच्छितात, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या मांडल्या आहेत. दुकानात दिसणाऱ्या नावांची संख्या म्हणजे स्पर्धेचे प्रमाण नव्हे, हे ध्यानात ठेवून त्या वाचाव्यात.

पहिली पायरी: यंत्र कागदावर सुटे करा

‘संगणकाची बाजारपेठ’ असे ढोबळ शब्द वापरून अभ्यास सुरू केला की तो पहिल्याच पानावर चुकतो. संगणक ही एक वस्तू नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवणुकीचे साधन, ग्राफिक्स कार्ड, पडदा, वीजपुरवठ्याचा संच आणि कार्यप्रणाली अशा अनेक वस्तूंची ती जुळणी आहे. यांतील प्रत्येक वस्तूचे विक्रेते वेगळे, कारखाने वेगळे आणि स्पर्धेचे स्वरूपही वेगळे असते. म्हणून प्रथम एका कागदावर या भागांची उभी यादी करावी.

यानंतर प्रत्येक भागासाठी एकच प्रश्न विचारावा: याची किंमत थोडी पण टिकाऊ वाढली, तर ग्राहक दुसऱ्या कशाकडे वळू शकेल? ज्या वस्तूंकडे तो खरोखर वळू शकतो त्या सर्व एका बाजारपेठेत धराव्यात. भारताच्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमात ‘संबंधित बाजारपेठ’ ही संकल्पना आहे, आणि वस्तू व भौगोलिक क्षेत्र अशा दोन अंगांनी ती ठरवली जाते. रॅम महाग झाली म्हणून कोणी तिच्याऐवजी हार्ड डिस्क बसवत नाही. या परस्परांना पूरक वस्तू आहेत, पर्यायी नाहीत. मोबाइलमधील प्रोसेसर आणि मेजावरच्या संगणकातील प्रोसेसर दोन्ही गणनाच करतात, परंतु एक काढून त्या जागी दुसरा बसवता येत नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्यातील सीमा मात्र बदलत गेली आहे: लॅपटॉपमध्ये एसएसडीने हार्ड डिस्कची जागा जवळजवळ पूर्ण घेतली, तर जेथे प्रचंड माहिती स्वस्तात साठवायची असते त्या डेटा सेंटरमध्ये हार्ड डिस्क अजून टिकून आहे. सीमा आखताना वापर कोणता हे विचारावेच लागते.

दुसरी पायरी: प्रत्येक थरातील विक्रेते मोजा

आता यादीतील प्रत्येक भागासमोर त्याच्या प्रमुख उत्पादकांची नावे लिहावीत. चित्र झपाट्याने स्पष्ट होते. विंडोज चालवणाऱ्या पारंपरिक संगणकांच्या प्रोसेसरमध्ये इंटेल आणि एएमडी हे दोघेच महत्त्वाचे आहेत, म्हणजे हा द्वयाधिकार आहे. रॅमसाठी लागणाऱ्या डीरॅम चिपमध्ये सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे जगाच्या उत्पादनाचा फार मोठा भाग आहे, तर हार्ड डिस्कमध्ये सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा हे तीनच उत्पादक उरले आहेत. स्वतंत्र ग्राफिक्स चिपमध्ये एनव्हिडिया पुढे, एएमडी बऱ्याच अंतराने मागे आणि २०२२ पासून पुन्हा प्रयत्न करणारी इंटेल तिसरी. अत्याधुनिक चिप प्रत्यक्ष घडवण्याच्या कामात तैवानची टीएसएमसी आघाडीवर आहे आणि सॅमसंग व इंटेल तिच्या मागे आहेत. त्याहून खाली उतरले, तर अशा चिपवर अत्यंत लहान तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी आराखडा उमटवणारी ईयूव्ही यंत्रे जगात नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकटीच कंपनी बनवते. वरच्या टोकाला, म्हणजे तयार संगणकांच्या दुकानात, लेनोव्हो, एचपी, डेल, ॲपल, असूस, एसर आणि इतर अनेक नावे आहेत. जितके खोल जावे तितके विक्रेते कमी, असा हा उतार आहे.

केवळ मोजणी पुरत नाही, कारण दहा विक्रेत्यांपैकी एकाकडे नव्वद टक्के विक्री असू शकते. यासाठी हर्फिन्डाल-हर्शमन निर्देशांक वापरतात. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीतील वाट्याचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची बेरीज करायची. समजा, एखाद्या बाजारात तीन कंपन्यांचे वाटे ४०, ३५ आणि २५ टक्के आहेत. तर १६००, १२२५ आणि ६२५ मिळून निर्देशांक ३४५० येतो. समान वाटा असलेल्या दहा कंपन्या असतील तर तो १००० येतो. अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८०० च्या वरचा बाजार अतिकेंद्रित मानला जातो. गणित सोपे आहे, पण वाटा नगांत मोजला की रकमेत, हे आधी पाहून घ्यावे. स्वस्त यंत्रे भरपूर विकणारी कंपनी नगांत पुढे आणि रकमेत मागे असू शकते. दोन वेगवेगळ्या अहवालांतील आकडे एकत्र मिसळणे ही नवख्यांकडून सर्वाधिक होणारी चूक आहे.

तिसरी पायरी: विक्रेते इतके कमी का झाले, याचा इतिहास शोधा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. आजचे वाटे हे छायाचित्र असते. ते तसे का झाले हे कळल्याशिवाय उद्या काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही.

हार्ड डिस्कचे उदाहरण घ्यावे. १९८० च्या दशकात जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या डझनांनी मोजाव्या लागत. तंत्रज्ञान वेगाने बदलत होते, प्रत्येक पिढीसाठी नवा कारखाना लागत होता आणि वस्तू मात्र ग्राहकाच्या दृष्टीने एकसारखीच होती, त्यामुळे किंमत हाच स्पर्धेचा मार्ग उरला. नफा घटला तसे मोठ्यांनी लहानांना गिळले. आयबीएमचा हार्ड डिस्क विभाग २००३ मध्ये हिताचीकडे गेला, मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटने घेतली, फुजित्सूचा विभाग २००९ मध्ये तोशिबाकडे आला. २०११ मध्ये सीगेटने सॅमसंगचा हार्ड डिस्क व्यवसाय घेतला आणि २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा. या शेवटच्या व्यवहाराला परवानगी देताना नियामकांनी काही उत्पादनसाधने तोशिबाला देण्याची अट घातली, म्हणून तिसरा स्पर्धक धड उभा राहिला.

याच काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये, थायलंडमध्ये महापूर आला. वेस्टर्न डिजिटलचे कारखाने आणि अनेक सुट्या भागांचे पुरवठादार त्यात बुडाले. जगभर हार्ड डिस्कच्या किमती भडकल्या आणि पाणी ओसरल्यानंतरही पूर्वीच्या पातळीला लवकर आल्या नाहीत. त्याहून बोलकी गोष्ट अशी की त्या वर्षाच्या अखेरीस सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आपल्या काही मॉडेलांची वॉरंटी कमी केली. स्पर्धा कमी होते तेव्हा ती घट केवळ किमतीत दिसते असे नाही. वॉरंटीची वर्षे, माल देण्याची मुदत, दुरुस्तीची सोय अशा बारीक अटींमध्येही ती दिसते. म्हणून किमतींसोबत या अटींचीही नोंद ठेवावी.

रॅमची कथा थोडी निराळी आहे. येथे कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागते आणि एकदा उभारला की तो बंद ठेवणे परवडत नाही. मागणी वाढली की सगळेच विस्तार करतात, काही काळाने माल ओसंडतो, किमती कोसळतात आणि ज्याच्याकडे पुरेशी गंगाजळी नाही तो बुडतो. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली. प्रत्येक मंदीनंतर खेळाडू कमी होत गेले आणि उरलेल्यांचे बळ वाढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून येणारी मागणी तिला अधिक महत्त्वाची वाटली. तीन विक्रेत्यांच्या बाजारात एकाने दिशा बदलली की दुकानातल्या गिऱ्हाइकाला ते लगेच जाणवते.

प्रत्येक थराचा इतिहास तपासताना प्रवेशातील अडथळा कोणता, हे स्वतंत्रपणे लिहावे. रॅममध्ये तो भांडवलाचा आहे. प्रोसेसरमध्ये तो एक्स८६ आज्ञासंचाच्या, म्हणजे इंटेल व एएमडीचे प्रोसेसर समजतात त्या मूळ आज्ञांच्या संचाच्या, परवान्यांचा आहे, कारण पैसा असला तरी परवान्याशिवाय कोणालाही तो प्रोसेसर बनवता येत नाही. चिपनिर्मितीत तो भांडवलाबरोबरच साचलेल्या अनुभवाचा आहे. ग्लोबलफाउंड्रीज या चिप घडवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरची, म्हणजे अधिक सूक्ष्म चिपच्या पुढच्या पिढीची, शर्यत सोडली, ती याच ओझ्यामुळे.

चौथी पायरी: पेटी बनवणाऱ्यांचा थर वेगळा तपासा

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी तिने प्रोसेसर इंटेलकडून आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली. तिच्या स्वतःच्या मालकीचा महत्त्वाचा भाग उरला तो संगणक सुरू करणारा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅकने तो जसाच्या तसा न उतरवता, केवळ त्याचे वर्तन पाहून, नव्याने लिहिला आणि १९८३ पासून आयबीएमशी पूर्णपणे जुळणारे संगणक विकायला सुरुवात केली. पाठोपाठ असंख्य कंपन्या आल्या. दार उघडले ते जुळणी करणाऱ्यांसाठी. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांचे दार बंदच राहिले, आणि नवा येणारा प्रत्येक जण त्यांचाच ग्राहक बनला. हा उद्योग घडवणाऱ्या आयबीएमने २००५ मध्ये आपला संगणक व्यवसाय लेनोव्होला विकला, यातच पुढील वीस वर्षांचा हिशेब आहे.

या थरातील स्पर्धा पाठ्यपुस्तकातील मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या जवळ जाते: विक्रेते पुष्कळ, वस्तू बऱ्याच अंशी सारखी, आणि फरक नाव, रचना व सेवा यांचा. एसरचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास मांडलेली ‘हसऱ्या वक्रा’ची कल्पना येथे फार उपयोगी पडते. वक्राच्या डाव्या टोकाला संशोधन आणि मुख्य सुटे भाग, उजव्या टोकाला नाममुद्रा आणि सेवा, मध्यभागी जुळणी; मूल्य दोन्ही टोकांना जास्त आणि मध्ये सर्वांत कमी. अनेक नामांकित लॅपटॉप प्रत्यक्षात क्वांटा, कॉम्पॅल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा तैवानी कंपन्या बनवून देतात. विस्ट्रॉन तर एसरमधूनच वेगळी झालेली कंपनी आहे. एकाच कारखान्यातून दोन स्पर्धक नावांचे लॅपटॉप बाहेर पडणे ही येथे नवलाईची गोष्ट नाही.

जुळणी करणाऱ्याची कोंडी किती असते हे ग्राफिक्स कार्डांत दिसते. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या एनव्हिडियाकडून चिप घेतात, त्यांना चिप पुरवणारी एनव्हिडिया स्वतःची कार्डेही विकते, आणि किमतीवरचा त्यांचा ताबा मर्यादित असतो. ईव्हीजीए या प्रसिद्ध कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये हा व्यवसायच सोडला. अभ्यासकाने प्रत्येक थराबाबत लिहून ठेवावे: याचा पुरवठादार हाच त्याचा स्पर्धकही आहे का?

पाचवी पायरी: ग्राहकाला बाजू बदलायला काय मोजावे लागते ते पाहा

समोर दोन विक्रेते असले, तरी एकाकडून दुसऱ्याकडे जाणे महाग असेल, तर दुसऱ्याचे असणे फारसे कामाचे नाही. एनव्हिडियाची ताकद केवळ चिपमध्ये नाही. २००७ पासून उपलब्ध असलेल्या कुडा या तिच्या प्रणालीवर संशोधकांनी आणि कंपन्यांनी इतके प्रोग्रॅम लिहिले आहेत की दुसरी चिप स्वस्त मिळाली, तरी सारे काम नव्याने जुळवण्याचा खर्च आड येतो. उलट दिशेचे उदाहरण ॲपलचे आहे. तिने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःचा एम१ प्रोसेसर आणून इंटेलचा आधार सोडायला सुरुवात केली, आणि जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर चालावेत यासाठी भाषांतराची सोयही दिली. यंत्र, चिप आणि कार्यप्रणाली या तिन्हींवर तिचा ताबा होता म्हणूनच हे साधले.

घरगुती पातळीवर हीच गोष्ट प्रिंटरमध्ये दिसते. प्रिंटर स्वस्त, शाई महाग. खरेदीच्या क्षणी स्पर्धा असते, नंतर ग्राहक बांधला जातो. म्हणून तुलना यंत्राच्या किमतीची न करता दर पानाच्या खर्चाची करावी.

सहावी पायरी: वर्तन तपासा, पण घाईने आरोप करू नका

तीन विक्रेत्यांच्या किमती एकाच आठवड्यात वाढल्या, म्हणजे त्यांनी संगनमत केलेच असे नाही. अल्पाधिकारात, म्हणजे मोजक्या विक्रेत्यांच्या बाजारात, प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहूनच किंमत ठरवतो, आणि कच्चा माल किंवा मागणी बदलली तर सर्वांच्या किमती एकत्र हलतात. संगनमत सिद्ध व्हायला आपापसातील संपर्काचा पुरावा लागतो. डीरॅमच्या बाबतीत तो मिळाला. १९९९ ते २००२ या काळातील किंमत-निश्चितीबद्दल अमेरिकेत इन्फिनियनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. तपासात सहकार्य करणारी मायक्रॉन दंडातून वाचली. २०१० मध्ये युरोपीय आयोगाने याच प्रकरणी एकूण ३३.१ कोटी युरो दंड ठोठावला.

वर्चस्वाच्या गैरवापराचे प्रश्न अधिक गुंतागुंतीचे असतात. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरो दंड केला. संगणक कंपन्यांना अटी घालून दिलेल्या सवलतींमुळे एएमडीची वाट अडली, असे आयोगाचे म्हणणे होते. त्याच वर्षी इंटेलने एएमडीशी तडजोड करून १२५ कोटी डॉलर दिले. परंतु २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सवलतींबाबतचा निष्कर्ष रद्द केला, कारण त्यांचा परिणाम आयोगाने पुरेसा सिद्ध केला नव्हता, आणि २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयातही तो निर्णय टिकला. या प्रकरणाच्या एका वेगळ्या भागासाठी आयोगाने २०२३ मध्ये नव्याने दंड आकारला. मोठी सवलत ग्राहकाच्या हिताची की स्पर्धकाच्या गळ्याभोवतीचा फास, हे ठरवायला पंधरा वर्षे लागली. नवख्याने बातमीतील दंडाचा आकडा टिपताना अपिलाचा निकालही टिपावा.

सातवी पायरी: जगातील रचना आपल्या दुकानापर्यंत कशी येते ते पाहा

भारतात यातील बहुतेक सुटे भाग आयात होतात. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, त्यामुळे संगणकांवरील आयात शुल्क पुढे शून्यावर आले आणि परदेशी मालाला वाट मोकळी झाली. सरकारने ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप व टॅब्लेटच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले, पण लगेच अंमलबजावणी पुढे ढकलली आणि नोव्हेंबरपासून आयातदारांच्या नोंदणीची व परवानगीची व्यवस्था आणली. सोबतच, मे २०२३ मध्ये देशी उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती. अशा धोरणांनी जुळणीचा थर देशात येऊ शकतो; प्रोसेसर आणि रॅम यांच्या थरातील विक्रेत्यांची संख्या त्यामुळे लगेच बदलत नाही, हे विश्लेषण करताना वेगळे ठेवावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकच प्रोसेसर दोन किमतींना मिळतो, त्यामागेही बाजाररचना आहे. एक माल अधिकृत वितरकाकडून आलेला असतो, दुसरा एखाद्या व्यापाऱ्याने परदेशातून स्वतंत्रपणे आणलेला असतो. हा समांतर आयातीचा माल अधिकृत वितरकांच्या किमतीवर दाब ठेवतो. इंटेलने २०१६ मध्ये भारतासाठी असे धोरण आणले की पेटीबंद प्रोसेसरची वॉरंटी देशातील अधिकृत वितरकांकडून घेतलेल्या मालालाच मिळेल. त्याविरुद्धच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. वॉरंटीची एक अट बाजाराचे दोन तुकडे कसे करू शकते, ते यावरून दिसते.

खरेदी करणाऱ्याने यातून पुढील गोष्टी अमलात आणाव्यात. निविदेत कंपनीचे नाव न लिहिता कामगिरीची गरज लिहावी, म्हणजे इंटेल आणि एएमडी दोन्ही बाजूंचे विक्रेते उतरू शकतील. आमच्या समितीने पुढच्या खेपेस असेच केले आणि तेव्हा कुठे दरपत्रकांत डोळ्यांत भरण्याइतका फरक दिसला. रॅम व साठवणूक पुढे वाढवता येईल असेच मॉडेल मागावे, कारण मदरबोर्डवर डाख दिलेली रॅम ग्राहकाला कायमची बांधते. रॅमच्या किमतींचे चढउतार लांबच्या काळाचे असतात, म्हणून एकदम मोठी खरेदी करण्यापूर्वी मागील एक-दोन वर्षांचे दर पाहावेत आणि शक्य असल्यास खरेदी दोन टप्प्यांत विभागावी. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे की नाही, ते तेथेच दुकानात तपासावे.